एका मुक्कामाचे आठ प्रहर : प्रस्तावना

नाशिककरांना निसर्ग अपरिचित आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. ज्या शहराच्या पश्चिमेस ब्रह्मगिरी आणि अंजनेरी, उत्तरेस रामशेज, बोरगड आणि त्यांच्या पलीकडे सप्तशृंगीचा गड, दक्षिणेस कळसूबाईची रांग आणि पूर्वेस गोदेच्या काठाने पसरलेला निफाडचा सपाट मुलूख आहे, तेथील कुटुंबांना सुटीच्या दिवशी कोठे जावे हा प्रश्न पडत नाही. पडतो तो एका दिवसात किती ठिकाणे उरकावीत हा. पहाटे निघून त्र्यंबकेश्वरी दर्शन, दुपारी एखाद्या धरणाच्या भिंतीवर भोजन, परतताना एखादा धबधबा आणि दिवेलागणीच्या आत घर, असा आपल्या कौटुंबिक सहलींचा शिरस्ता होऊन बसला आहे. या शिरस्त्यात मुलांच्या वाट्याला ठिकाणांची नावे येतात, छायाचित्रे येतात, पण ज्या वेळी निसर्गाचे व्यवहार खऱ्या अर्थाने सुरू होतात त्या वेळी, म्हणजे तिन्हीसांजेला, मध्यरात्री आणि उत्तररात्री, ही मुले एकतर गाडीत पेंगत असतात किंवा घरी अंथरुणात असतात.

प्रस्तुत पुस्तिका या उरकण्याच्या वृत्तीला केलेला एक विनयपूर्वक प्रतिवाद आहे. आईवडिलांनी मुलांना घेऊन एका जागी राहुटी ठोकावी, एका सूर्यास्तापासून दुसऱ्या सूर्यास्तापर्यंत ती जागा सोडू नये आणि त्या अवधीत तीच झाडे, तेच पाणी आणि तेच आकाश कसे पालटत जाते हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, एवढीच तिची मागणी आहे. पुस्तिकेतील सर्व उपक्रम याच एका सूत्रात ओवलेले आहेत आणि म्हणूनच त्यांची मांडणी विषयवार, म्हणजे पक्षी, वृक्ष, कीटक अशी न करता प्रहरवार केलेली आहे.

मुलांना घेऊन उघड्यावर मुक्काम करावा ही कल्पना परदेशातून आली असे समजण्याचे कारण नाही. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या दिंड्यांचे मुक्काम आजही गावोगाव पडतात. तथापि, मुलांच्या शिक्षणाचे साधन म्हणून मुक्कामाचा पद्धतशीर विचार गेल्या सव्वाशे वर्षांतला आहे, हे मान्य करावे लागेल. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन छावणी टाकली आणि तिच्यातून पुढे बालवीर चळवळ उभी राहिली. त्या छावणीची विशेष गोष्ट अशी की, तीत निरनिराळ्या सामाजिक थरांतील मुले एकत्र होती आणि माग काढणे, बारकाईने पाहणे, पाहिलेले लक्षात ठेवणे यांना कवायतीइतकेच महत्त्व होते. आपल्याकडे हा विचार अगदी निराळ्या वाटेने आला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्यात गुरे राखायला जाणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्यापाठोपाठ कुरणात जावे, असा निर्णय झाला आणि कुरणशाळा जन्मास आली. त्या कुरणातले दगड, पाने, बिया हेच शिक्षणाचे साहित्य होते. आज शहरातील सुखवस्तू कुटुंब हजारो रुपये खर्चून मुलांना जे द्यावयास निघते, ते या दोघींनी ज्यांच्याजवळ पाटीही नव्हती अशा मुलांच्या हाती दिले होते, याचे स्मरण या विषयाच्या आरंभी ठेवणे उचित होय.

आता नाशिक जिल्ह्याविषयी. अशा मुक्कामासाठी हा जिल्हा जितका अनुकूल आहे तितके फार थोडे जिल्हे असतील, आणि त्याचे कारण केवळ डोंगरांची शोभा हे नव्हे. पश्चिमेस इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर पूर्वेस येवला-नांदगावकडे तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो, आणि ही दोन टोके मोटारीने तीन-चार तासांच्या अंतरावर आहेत. यामुळे एका बाजूला हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा यांचे रान, तर दुसऱ्या बाजूला ममदापूरच्या माळावर चरणारी काळविटे, असे दोन सर्वस्वी भिन्न प्रदेश एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अंमलाखाली नांदतात. या दोहोंच्या खाली जो खडक आहे तो मात्र एकच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून शिलारस पुनःपुन्हा बाहेर पडला, प्रत्येक वेळी थर होऊन थिजला आणि अशा थरांवर थर साचून हे डोंगर तयार झाले. ब्रह्मगिरीचा किंवा अंजनेरीचा कडा समोरून पाहिला असता, एकावर एक रचलेल्या भाकऱ्यांच्या चवडीप्रमाणे हे थर उघड दिसतात आणि दहा वर्षांचे मूलही ते बोटाने मोजू शकते. थिजताना वायूचे बुडबुडे अडकून जी पोकळी राहिली, तीत पुढे उष्ण पाण्याने खनिजांचे स्फटिक घडवले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे जे वैभव मांडलेले आहे, त्याचा एखादा कण रस्त्याकडेच्या साध्या दगडातही चमकताना सापडतो. गोदावरीच्या किंवा तिच्या एखाद्या उपनदीच्या वाळूतून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवला, तर काळ्या कणांची दाट मिशी त्याला चिकटून येते. ती याच खडकातील लोहखनिजाची असते. कागद काढून घेताच ती गळून पडते, आणि मग तोच प्रयोग पुन्हा करण्यावाचून कोणतेही मूल राहत नाही.

मुक्कामाचा आरंभ सूर्यास्ताने करावा असा पुस्तिकेचा आग्रह आहे, आणि नांदूर मधमेश्वर हे त्यासाठी तिने निवडलेले पहिले स्थळ आहे. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्यांसाठी बंधारा घातला गेला; त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, उथळ पाणी, बेटे आणि पाणगवत यांचे राज्य झाले आणि पाटबंधाऱ्याच्या कामातून कोणी न योजलेले एक पक्षितीर्थ उभे राहिले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. हिवाळ्यात दिवस मावळण्याच्या सुमारास तेथील काठावर मुलांना बसवावे आणि त्यांना एकच काम सांगावे : कोरा कागद घ्यायचा, मधोमध स्वतःसाठी एक फुली मारायची आणि जो जो आवाज येईल तो ज्या दिशेने आणि जितक्या अंतरावरून आला तेथे खुणेने नोंदवायचा. पंधरा मिनिटांत त्या कागदावर जो नकाशा उमटतो, तो कोणत्याही दोन मुलांचा सारखा नसतो. नंतर दुर्बीण हातात द्यावी. डोक्यावर पांढरा टिळा लावलेला, सर्वांगाने काळा आणि थव्याने फिरणारा पाणपक्षी वारकरी का म्हणवतो, चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असलेल्या बदकाला हळदीकुंकू हे नाव कसे पडले, हे मग सांगावे लागत नाही. आपल्या पूर्वजांनी पक्ष्यांना दिलेली नावे ही निरीक्षणाचीच संक्षिप्त टिपणे आहेत, हे मुलांना एकदा उमगले म्हणजे नामावळी पाठ करण्याचा जाच संपतो.

रात्रीच्या पहिल्या प्रहरात आकाशाचा अभ्यास येतो. येथे पुस्तिकेने दिलेला एक उपक्रम मला विशेष चित्ताकर्षक वाटला, म्हणून तो विस्ताराने सांगतो. नाशिक विषुववृत्तापासून सुमारे वीस अंश उत्तरेस आहे, यास्तव ध्रुवतारा नाशिकच्या क्षितिजापासून तितकाच, म्हणजे वीस अंश वर दिसतो. हात ताठ समोर धरून मूठ वळली तर ती आकाशाचे साधारण दहा अंश झाकते, मग ती मूठ बापाची असो की मुलीची, कारण मूठ लहान असते तेव्हा हातही आखूड असतो. उत्तरेच्या क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी मूठ ठेवली की तिच्या माथ्याशी ध्रुव सापडतो. सप्तर्षींतील क्रतू आणि पुलह यांना जोडणारी रेघ पुढे वाढवून त्याची खात्री करून घ्यावी. हिवाळ्यात सायंकाळी सप्तर्षी वर आलेले नसतात, तेव्हा शर्मिष्ठेचे साहाय्य घ्यावे आणि उत्तररात्री पुन्हा उठून सप्तर्षींकडून तोच पुरावा तपासावा. आपण पृथ्वीच्या पाठीवर कोठे उभे आहोत हे केवळ दोन मुठींनी मोजता येते, ही जाणीव ज्या मुलास एकदा झाली, त्याच्या भूगोलाच्या पुस्तकातील अक्षांशांच्या रेघा पुन्हा निर्जीव राहत नाहीत.

दुसऱ्या प्रहरात दृष्टी आकाशातून जमिनीवर आणावी. विजेरी कपाळाशी, डोळ्यांच्या पातळीत धरून गवतावरून सावकाश प्रकाश फिरवला, तर दवबिंदूंमध्ये मिसळलेले काही हिरवट ठिपके चमकताना दिसतात. जवळ जाऊन पाहावे तो प्रत्येक ठिपका म्हणजे शिकारीला बसलेल्या एका कोळ्याचा डोळा असतो. विजेरी कमरेपाशी धरली की तेच ठिपके दिसेनासे होतात. असे का होते, हा प्रश्न मुलांनीच विचारावा आणि शक्य तर मुलांनीच सोडवावा. मात्र ज्या मुक्कामी काजवे पाहावयाचे असतील तेथे विजेरी पिशवीतच राहू द्यावी. मेअखेरीपासून मृगाच्या सरी स्थिरावेपर्यंत भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा यांची झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. तो प्रकाश म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण असते, आणि मोटारींचे दिवे व भ्रमणध्वनींचे झोत यांनी ती खूण पुसली जाते. आपण पाहावयास गेल्यामुळेच जे नाहीसे होईल, ते पाहण्याचा अधिकार आपणास कितपत आहे, हा नीतीचा प्रश्न मुलांपुढे मांडण्यास याहून योग्य स्थळ नाही.

सप्तर्षी पाहण्यापुरते उठणे सोडल्यास उत्तररात्र मुलांनी झोपेत घालवावी हे उत्तम. परंतु पहाटेचा प्रहर सोडू नये. निफाडच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात नोंदलेले नीचांकी तापमान दर हिवाळ्यात वृत्तपत्रांत झळकते आणि द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवून रात्र जागतात. गार हवा जड असल्याने ती सखल जागी येऊन साचते, हा यातला कार्यकारणभाव मुलांना ग्रंथातून कळवण्याऐवजी दोन साधे तापमापक द्यावेत; एक काठाजवळच्या खोलगट जागी आणि दुसरा उंचवट्यावर ठेवून, वारा पडलेल्या पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी दोन्हींवरचे आकडे वाचून घ्यावेत. याच वेळी ओल्या गाळावर रात्रीच्या येण्याजाण्याचा दस्तऐवज ताजा असतो. पाऊलखुणेत नखे उमटली असतील तर प्राणी बहुधा कुत्र्या-कोल्ह्याच्या कुळातला, नखे नसतील तर मांजराच्या कुळातला, एवढा एक नियम सांगून बाकीचा तपास मुलांवर सोपवावा.

माध्यान्हाचा प्रहर कंटाळ्याचा, अशी आपली समजूत आहे. परंतु तोही रिकामा नाही. सपाट जागी एक काठी उभी रोवून तिच्या सावलीचे टोक दर दहा मिनिटांनी खड्याने दाखवत गेले, तर घड्याळात बारा वाजले तरी सावली आखूड होतच राहते, असे आढळते. आपले घड्याळ मिर्झापूरवरून जाणाऱ्या रेखावृत्ताचा हुकूम मानते, आणि सूर्य त्या रेखावृत्तावरून नाशिकच्या माथ्यावर येण्यास सुमारे पस्तीस मिनिटे अधिक घेतो. यामुळे ऋतुपरत्वे बारा वीस ते बारा पन्नास यांच्या दरम्यान केव्हा तरी आपला खरा माध्यान्ह होतो. त्या क्षणाची सर्वांत आखूड सावली नेमकी उत्तर-दक्षिण असते, आणि रात्री मुठींनी शोधलेला ध्रुव तिच्याच रोखाने होता, हे दुपारी पटते. सावलीतील भुसभुशीत मातीत नरसाळ्याच्या आकाराचे खड्डे करून मुंग्यांची वाट पाहणाऱ्या अळ्या, हिरड्याच्या चुऱ्याच्या पाण्यात गंजका खिळा टाकून होणारी काळी शाई, ओढ्यातील दगड उलटा केला की त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेली चतुरांची पिल्ले, अशा उपक्रमांनी दुपार केव्हा कलते ते समजत नाही. दगड मात्र पुन्हा जसाच्या तसा ठेवावा.

वडीलधाऱ्यांना या सर्वांत काम कोणते, हा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मते त्यांचे मुख्य काम मौन हे आहे. मुलाने बोट दाखवताच पक्ष्याचे नाव सांगून टाकण्याची जी घाई आपल्याला होते, तिने मुलाचे पाहणे तेथेच थांबते. नावापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : तो काय करतो आहे, एकटा आहे की जोडीने, आणि मघाशी तो कोठे होता. अमुक वनस्पती ओळखता आली नाही म्हणून पालकांनी संकोचण्याचेही कारण नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडच्या पाड्यांवरील कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर कुटुंबांतील मुलांना रानभाज्या, कंद आणि वाटा यांचे जे ज्ञान असते, ते आपल्याजवळ नाही हे उघड आहे. अशा मुलांची गाठ पडल्यास आपल्या मुलांनी त्यांच्याकडून शिकावे आणि त्यांना प्रदर्शनातील वस्तू समजू नये.

सुरक्षिततेविषयी पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण असल्यामुळे येथे मोजकेच लिहितो. अभयारण्यात किंवा राखीव क्षेत्रात वनखात्याच्या परवान्याविना मुक्काम करू नये. गावाच्या हद्दीत राहावयाचे असल्यास ग्रामपंचायतीची संमती घ्यावी आणि पोलीस पाटलास इत्तला द्यावी. निफाड, सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, यास्तव काळोखात मूल एकटे राहुटीबाहेर जाणार नाही असा कडक बंदोबस्त असावा आणि उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नये. पादत्राणे झाडल्याशिवाय पायात घालू नयेत. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ लटकत असेल तर त्याच्या आसपास धूर, अत्तर आणि आरडाओरडा ही तिन्ही वर्ज्य समजावीत. धरणाच्या जलाशयात, पाणी कितीही शांत दिसले तरी, मुलांना उतरू देऊ नये, कारण त्याच्या तळचा गाळ वरून दिसत नाही. सर्पदंश झालाच तर आवळून बांधणे, चिरणे, मंत्रतंत्र यांत वेळ न दवडता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे. या नियमांना भिऊन घरी बसण्याचे कारण नाही. शहरातील रस्ता ओलांडण्यासही मुलांना आपण नियमच शिकवतो.

राहुटीवर, शेगडीवर आणि नाना जिनसांवर होणाऱ्या खर्चाचा बाऊ करून हा विषय श्रीमंतांचा आहे, असा आक्षेप घेतला जातो. पुस्तिकेतील उपक्रमांना लागणारा सरंजाम पाहिला तर तो एका पिशवीत मावतो : लोहचुंबक, दोन तापमापक, काठी, विजेरी, भिंग, कागद आणि शिसपेन्सिल. दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाही. ज्यांना राहुटी परवडत नाही त्यांनी आप्तांच्या मळ्यात किंवा गावच्या घराच्या अंगणात मुक्काम करावा. आठ प्रहर तेथेही तितकेच असतात.

अखेरीस पुस्तिकेच्या शेवटी जोडलेल्या कोऱ्या पानांविषयी. अंजनेरीच्या पठारावर एक कंदीलपुष्प फुलते, ज्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे, आणि तेथील कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. २००८ मध्ये बोरगड संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. एखाद्या डोंगराला असे महत्त्व येते ते त्या डोंगरावर कोणी तरी वर्षानुवर्षे पुनःपुन्हा जाऊन काय दिसले ते लिहून ठेवते म्हणून. म्हणून कर्त्यांची सूचना अशी आहे की, कुटुंबाने एक जागा निवडावी आणि दरवर्षी त्याच सुमारास तेथेच मुक्काम करून त्या पानांवर नोंदी कराव्यात : पळस केव्हा फुलला, पहिला काजवा कोणत्या तारखेस दिसला, वारकरी किती होते, पहाटे पारा कोठवर उतरला, ओढ्याला पाणी किती होते. पहिल्या वर्षीच्या नोंदींना फारसे मोल नसते. पाचव्या वर्षी त्यांची तुलना होऊ लागते, आणि मूल कॉलेजात जाईल तेव्हा त्या ठिकाणचा असा दाखला त्याच्यापाशी असेल की जो बहुधा कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही. मुलांच्या हस्ताक्षरातील चुका दुरुस्त करण्याचा मोह पालकांनी तेवढा आवरावा आणि प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ व जागा घालण्याची शिस्त मात्र पहिल्या मुक्कामापासूनच लावावी.